मायचा कटऑफ

माझ्या वडिलांचा एकही फोटो नाही. लातूर भागात भूकंप झाला तेव्हा माय गणपतीसाठी आम्हा दोघा भावंडांना घेऊन माहेरी, लातूरच्या पलीकडं मुरुडला आली होती. वडील जनावरांपायी गावीच राहिले आणि घरासकट गेले. मी तेव्हा पाळण्यात होते. दादा चालता-बोलता झालेला, पण त्यालाही काही आठवत नाही. म्हणजे वडील जे काही उरले ते मायच्या डोक्यात. विषय निघाला की ती उठून कामाला लागायची. सांगेल कधीतरी, म्हणून आम्हीही कधी नेट लावला नाही.

त्यामुळं माय विसरायला लागली तेव्हा मी तिला रोज फोन करायला लागले. भाजीत दोनदा मीठ. शेजारणीचं नाव आठवेना. एकदा तर मुरुडच्या बाजारात स्वतःच्याच घराचा रस्ता विचारत उभी राहिली. चालताना झोकांड्या जायच्या त्या वेगळ्याच. "वय झालं आता," मामा म्हणाले. कसलं डोंबलाचं वय! साठी नुकती उलटलेली बाई.

दादा लातूरला फिजिक्सचे क्लास घेतो. त्यानं मोबाईलवर सगळं वाचून काढलं. विस्मरणाच्या आजारावर नवं औषध आलंय, सलाईनसारखं शिरेतून द्यायचं. लातूर-नांदेडला मिळत नाही, हैदराबाद नाहीतर मुंबई गाठायची. वर्षभराचा खर्च मी दादाला दोनदा वाचायला लावला. "क्लासचा हॉल विकतो," दादा म्हणाला. हॉल म्हणजे त्याचं पोट. त्या दिवशी वहिनीच्या सगळ्या पोळ्या करपल्या.

बरं, त्या औषधानं आजार बरा होत नाही, नुसता जरा हळू पुढं सरकतो, आणि मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते, हेही तिथंच लिहिलेलं होतं. दादाला मात्र एकच ओळ दिसली. औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्यांना देतात. स्मरणशक्तीची परीक्षा होते, त्यात फारच कमी गुण पडले तर नाही.

"म्हणजे कटऑफ हाय," दादा म्हणाला.

लातूरच्या मास्तरापुढं हा शब्द काढूच नये. ज्यांचे आईबाप ही परीक्षा देऊन आले होते त्यांच्याकडून त्यानं प्रश्न गोळा केले, मायला लातूरला आणलं आणि शिकवणी सुरू केली. आज वार कोणता? साल कोणतं? शंभरातून सात वजा करत जा. घड्याळ काढून पावणेतीन दाखव. पाच शब्द ऐक, थोड्या वेळानं सांग.

"माय, खुर्चीनंतर काय?"

"तुझं टकुरं, मेल्या!"

रडली, चिडली, एकदा कागद टराटरा फाडला. पण पोरगं घाबरून हे करून राहिलंय, एवढं तिला कळत होतं. म्हणून परत मान खाली घालून बसायची. खोटं कशाला बोलू, फोनवर उजळणी मीच घ्यायचे.

मी नांदेडला, विष्णुपुरीकडं राहते. माझ्याच ओळखीनं तिथल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. बाई म्हणाल्या, "आजी, आता एक घड्याळ..." तेवढ्यात मायनं कागद ओढून गोल काढला, काटे मारले आणि "पावणेतीन" म्हणून मोकळी झाली. पाच शब्द तर बाईंनी वाचायच्या आधीच घडाघडा म्हणून दाखवले. बाईंनी पेन खाली ठेवून आमच्याकडं पाहिलं.

"तुम्ही लातूरचे का हो?"

दादाचे कान लालबुंद. त्यानं सगळं ओकून टाकलं. आता हाकलतात, असं मला वाटलं. बाई मात्र चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "सर, त्या आजारात नवं शिकवलेलं टिकतच नाही. यांनी अख्खा पेपर पाठ केलाय. मला दुसरीच शंका येतेय."

त्यांनी मायची जीभ पाहिली. पायाला मुंग्या येतात का? "लई." साखरेच्या आजाराची गोळी कधीपासून? बरीच वर्षं. अंडी, मटण? छे, आमच्यात चालत नाही. मग दूध, दही?

मायनं नाही म्हणून मान हलवली. "त्या दिसापासून न्हाई," ती म्हणाली.

आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं त्याचा आवडता जिन्नस सोडतात. वडिलांना दूध लई प्यारं. तिनं दूध, दही, ताक, सगळंच सोडलं होतं. आणि आम्ही दोघं शहाणे इतकी वर्षं समजत होतो, हिला आवडत नाही!

रक्ताचा रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व तळाला गेलेलं; दूध नाही, अंडी नाहीत, वर साखरेच्या आजाराची ती गोळी, त्यानंच विसरणं आणि झोकांड्या, बाई म्हणाल्या. मेंदूचा फोटो चांगला होता. इंजेक्शनं घ्यायची आणि दूध सुरू करायचं, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं बाईंनी सांगितलं.

"हे इंजेक्शन हैदराबादला मिळंल ना?" दादानं विचारलं.

"तुमच्या मुरुडच्या मेडिकलात मिळेल."

किंमत ऐकून दादा हसायला लागला आणि हसता हसता रडायलाच लागला. आम्ही बाहेर आलो तर बाकावर बिलोलीकडचे एक गृहस्थ वडिलांचा हात धरून बसले होते. त्यांना त्या महागड्या औषधाचंच विचारायचं होतं. आमचं हसू तिथंच थांबलं.

घरी येऊन मी दुधाचा पेला भरला. माय हात लावेना. "त्यांच्या नावानं सोडलंय," एवढंच बोलायची. शेवटी दादा तिच्या पायाशी बसला. "माय, तू इसरलीस तर आम्ही बाप कुणाला इचारायचा?"

तिनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. मग पेला उचलला आणि डोळे मिटून प्यायली.

दिवाळीला माय माझ्याकडं आली ती एकटी, एसटीनं, पिशवी सांभाळत. पाय अजून थोडा अडखळायचा, पण चकल्यांचं मीठ बरोब्बर होतं. मी ताट घेऊन येत होते, ती टक लावून बघत होती.

"तुझा बाप अस्साच चालायचा. डावा पाय फेकीत."

मला आजवर हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी ताट खाली ठेवलं आणि काही काम नसताना दारापर्यंत चालत गेले. तिथून परत आले.

"हाव," माय म्हणाली. "अस्साच."