झाला म्हणान समज

‘झाला म्हणान समज,’ असं म्हणून तो दोन्ही हात झटकायचा. हात झटकले की काम अजून सुरूही झालेलं नाही, हे आपण ओळखावं. मालवणातल्या आमच्या व्हिडिओ स्टुडिओचं संगणकाचं सगळं काम त्याच्याकडे होतं. आज त्याची आठवण आली तरी मला शिसारी येते.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. गोड बोलणारा, सगळ्यांना हवाहवासा. माझी आई तापाने फणफणली तेव्हा काही न बोलता रिक्षा घेऊन दारात उभा राहिला होता. तेवढ्यासाठी मी त्याचं पुष्कळ पोटात घातलं.

आमचा सर्व्हर फाइल डिस्कवर पक्की उतरल्यावरच ‘सेव्ह झाली’ म्हणायचा. त्याला वेळ लागे. याने सेटिंग बदललं. आता फाइल नुसती मेमरीत पोचली की सर्व्हर ‘झाली’ म्हणून मोकळा. डिस्कवर मागाहून सावकाश लिहायचा. अगदी याच्यासारखाच.

‘आणि मध्येच लाइट गेली तर?’

‘बॅटरी लावतंय मरे. हाडलंय म्हणान समज.’

बॅटरी असती तर तो वेग चाललाही असता. ती त्याने आणलीच नाही.

शिरोड्याच्या एका बाईंनी आजारी वडिलांना आमच्या कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं होतं. ‘सेव्ह झाली’ दिसताच याने पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं, आणि लाइट गेली. परत आली तेव्हा फाइलचं नाव होतं, आत काही नव्हतं. पुन्हा चित्रीकरण करायला जाणार, तोवर म्हातारा गेला.

‘बाईंना तूच सांग,’ मी म्हटलं. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

‘शिरोड्याक जातंय. सांगलंय म्हणान समज.’ हात झटकले. पुढे गोव्यात नोकरी धरली. फोन उचलत नाही.

परवा त्या बाई आल्या. एका हातात पेनड्राइव्ह, दुसऱ्या हातातल्या पिशवीत आमच्यासाठी नारळ.

‘इतके दिवस ऐकूचो धीर नाय झालो. उद्या बाबांचा वर्षश्राद्ध. सगळ्यांका त्यांचो आवाज ऐकवचो आसा. ह्येच्यात भरून दिया. आज होयत ना?’

माझ्या जिभेवर आधी आलं ते त्याचंच वाक्य. किळस आली स्वतःची. ते गिळलं आणि त्यांना बसायला सांगितलं.