बाबांनी उपटलेली हिरवळ

वसंत पंचमी झाली, थंडी ओसरली, तशी लोधीपुऱ्यातल्या आमच्या अंगणातली हिरवळ पुन्हा फुटू लागली. मी ती कापली, खत घातलं, रोज पाणी दिलं. त्या दिवशी शाळेत शिकवून घरी आले आणि फाटकातच थिजले. अंगणभर नुसती उघडी माती! देडतलाई गावाहून आलेले माझे बाबा, जन्मभर केळी पिकवलेला माणूस, खुरपं घेऊन घामाघूम बसले होते. शेजारी मुळांसकट उपटलेल्या गवताचा ढीग.

“पोरी, दारात एवढी हरळी माजू देतात का? लोक काय म्हणतील?”

संतापाने मी खांद्यावरची पर्स पायरीवर आपटली. पण लहानपणी वावरातली हरळी नीट वेचली नाही म्हणून याच माणसाचा मार खाल्ला होता मी. तीच आता विकत आणून लावली, हे कुठल्या तोंडाने सांगणार?