बटण नसलेली धाव

"त्या कॉलनीवाल्याला कशाला ठेवलाय टीममध्ये? पानी वाटायला?"

टॉवरखाली कुंपणाला टेकून बंटीदादा बोलत होता. मी वर कॅमेऱ्यापाशी बसले होते, म्हणून त्याला दिसत नव्हते. टॉवर म्हणजे रंगारी वापरतात तसली लोखंडी परांची, वर ताडपत्री. खारघरच्या सरावाच्या मैदानावर माझी जागा तिथे असते.

"अरे, प्रथमेश बघ ना आपला," त्याच्याबरोबरचा कोणीतरी म्हणाला. "बॉल भेटला का गोल. या वर्षी ऑफेन्स एक नंबर हाय."

"प्रथमेश ठीक हाय. पन दुसरा? सगळा टाइम पळतो नुस्ता. बॉल जातो इकडं, हा पळतो तिकडं. सोसायटीत जॉगिंगला आल्यासारखा."

सगळे हसले. मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं.

मी एका फुटबॉल क्लबची व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट आहे. मॅच शूट करायची, मग लॅपटॉपवर ती पुन्हा बघत प्रत्येक गोष्टीला लेबल लावायचं. याला टॅगिंग म्हणतात. पास झाला की एक बटण, शॉट मारला की दुसरं, गोल झाला की तिसरं. शेवटी सॉफ्टवेअर प्रत्येक खेळाडूचा तक्ता काढून देतं. कोच तो बघतात, डायरेक्टर बघतात. माझ्याकडे कोणी बघत नाही, आणि खरं सांगायचं तर ही नोकरी मी त्यासाठीच घेतली. शाळेपासून माझं असंच आहे. कोणी काही विचारलं की मी आधी मनात इंग्रजीत उत्तर जुळवते, मग त्याचं मराठी करते. तोवर विषय बदललेला असतो.

बंटीदादा आमच्या फॅन ग्रुपचा म्होरक्या. एपीएमसी बाजारात कांद्याच्या गाळ्यावर पहाटेपासून उभा असतो आणि दुपारी घरी झोपायला जायच्या ऐवजी आमच्या सराव-मॅच बघायला येतो. डोळे लाल, शर्टाला कांद्याचा वास. मागच्या सीझनला आम्ही इतके कमी गोल केले होते की तो मैदानाबाहेर आमच्या बसकडे पाठ करून उभा राहिला होता. यंदा दोन नवीन पोरं आली आणि त्याला पुन्हा आशा वाटायला लागली. त्याला मी दोष देत नाही.

त्यातला पहिला प्रथमेश. उरणच्या बाजूचा, द्रोणागिरीच्या गोदामांच्या पलीकडचं गाव. सराव-मॅचमध्ये गोलामागून गोल. आमच्या मीडियावाल्याने त्याची रील टाकली आणि गावात नाक्यावर त्याचा बॅनर लागला. त्याची मॅच असली की गावातून पोरं टेम्पो करून यायची आणि कंटेनरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून हाफ टाइमला पोचायची.

दुसरा ईशान. इथलाच, खारघरच्या सोसायटीत राहणारा, म्हणून बंटीदादाच्या भाषेत कॉलनीवाला. वडील बँकेत. इंजिनिअरिंगची सीट सोडून त्याने वडिलांकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. क्लबच्या यादीत नाव आलं तर खेळायचं, नाही आलं तर गुपचूप कॉलेजला जायचं, असं घरात ठरलेलं. सीझनआधी प्रत्येक क्लबला लीगकडे खेळाडूंची यादी द्यावी लागते. एकदा ती गेली की अर्धा सीझन होईपर्यंत त्यात बदल नाही. आमच्या यादीत एकच जागा उरली होती. ती ईशानला द्यायची, की डायरेक्टर सावंत सर बाहेरून जो स्ट्रायकर आणायचा म्हणत होते त्याला, हा प्रश्न होता.

ईशान रोज सरावानंतर लॅपटॉपजवळ यायचा, पण समोर बसायचा नाही. लांबून विचारायचा, "ताई, मी रिपोर्टमध्ये आहे ना?"

"आहेस."

"काय आहे?"

मी स्क्रीन थोडी खाली करायचे. कारण त्याच्या नावापुढे शून्यं होती. गोल शून्य, असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास, शून्य, शॉट नावाला.

या शून्यांमागचं खरं मला कळलं ते प्रथमेशमुळे. तो एका संध्याकाळी आपला गोल बघायला आला. सगळीच नवीन मुलं येतात. मी क्लिप लावली. त्याने आपला गोल बघितलाच नाही.

"मागं घ्या ना मॅडम. अजून मागं. हां, हितं. आता ईशानला बघा."

ईशान उजवीकडे धावत सुटला होता. बॉल डावीकडे होता. बंटीदादा म्हणत होता तेच.

"त्याच्या मागं कोन गेला बघितलाव? त्यांचा तो मोठा डिफेंडर. आनि त्याच्या मागं अजून एक. मी हितं एकटा. एवढ्या जागेत तं माझी आजी पन गोल मारंल."

"प्रत्येक वेळी असंच होतं का?"

"यो नसंल तं माना जागा कोन देनार?"

"मग तू सरांना का सांगत नाहीस?"

तो हसला नाही. "मी सांगितला तं बोलतील दोस्ती निभावतो. आनि मॅडम, गावात माझा बॅनर लागलाय. आता मी जाऊन बोलू, का गोल माझा नाय, त्याचा हाय?"

अशा धावेला डमी रन म्हणतात. बॉल मिळवण्यासाठी नाही, तर समोरच्याचा डिफेंडर आपल्या मागे ओढून नेण्यासाठी धावायचं. म्हणजे मधली जागा मोकळी होते आणि दुसरा कोणी तिथे घुसतो. मला हे पुस्तकात माहीत होतं. पण माझ्या टॅगिंगच्या पॅनलवर त्याचं बटणच नव्हतं. पॅनल माझ्याआधीच्या माणसाने बनवलं होतं. त्यात बॉलला पाय लागला की बटण होतं. बॉल आलाच नाही, तर काय दाबणार?

मी नवीन बटण बनवलं आणि सगळ्या मॅच पुन्हा बघायला बसले. पूर्ण मैदान दिसणारं वाइड अँगल फुटेज. त्यात माणसं मुंगीएवढी दिसतात, डोळे दुखतात. ऑगस्टचा उकाडा, ऑफिसचा एसी पाणी गळतोय, खाली बादली. पण एकदा बॉल सोडून ईशानकडे बघायला लागल्यावर सगळं दिसायला लागलं. प्रथमेशचे जवळजवळ सगळे गोल त्याच्या धावेनंतर झाले होते. ज्या दिवशी ईशान बाहेर बसला, त्या दिवशी प्रथमेश दोन डिफेंडरमध्ये अडकून नुसता हात वर करत होता.

मी नवीन तक्ता घेऊन आमचे कोच पिंटो सर यांच्याकडे गेले. ते मूळचे गोव्याचे. खुर्चीत मागे रेलून त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"ऐक गो, हे मला ठाऊक आहे. मीच त्याला पहिल्या आठवड्यात सांगितलं, बॉलच्या उलटा पळ. पोरगा सांगितल्यासारखा पळतो."

"मग सर, तुम्हीच सांगा ना सावंत सरांना."

"मी सांगितलं होतं. ते म्हणाले, तुमची डिफेन्सिव्ह स्टाइल मागच्या सीझनला बघितली, आता फॅन्सना गोल हवेत. या सीझनला माझीच खुर्ची हलते आहे." त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. "आणि हे दाखवताना जपून. तू तरुण मुलगी, तो तरुण पोरगा. त्याच्यासाठी तू नवीन कॉलम काढलास म्हणतील. लोकांना बोलायला काय लागतं?"

हे मलाही सुचलं होतं. मला सगळ्यात आधी तेच सुचतं.

"मग काय करू?"

"मीटिंगला ये. क्लिप लाव. क्लिप बोलेल."

मला ते पटलं. क्लिप बोलणार असेल तर मी बोलायचा प्रश्नच येत नाही.

मीटिंग बेलापूरच्या ऑफिसात होती. सावंत सर, पिंटो सर आणि मी. सावंत सर माणूस वाईट नाही. ते भरभर बोलतात आणि त्यांना दिवसभर फोन येतात. त्या दिवशी त्यांच्यासमोर जर्सी लॉन्चच्या पोस्टरचं डिझाइन होतं. प्रथमेश मधोमध, त्याच्या शेजारी एक काळी आकृती आणि प्रश्नचिन्ह. म्हणजे नवीन स्ट्रायकर.

"सई, हे तुझेच आकडे ना?" त्यांनी माझा जुना रिपोर्ट उचलला. "ईशान. गोल नाही, असिस्ट नाही. फॉरवर्ड आहे ना हा?"

"हो, सर."

"मग विषय संपला. फॅन्सना प्रॉमिस काय करू मी? यंदा आमचा एक मुलगा खूप पळणार आहे?"

पिंटो सरांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रोजेक्टरवर क्लिप लावली.

गोल झाला. सावंत सर म्हणाले, "वा! काय टर्न घेतला पोराने."

"सर, पुन्हा लावते. उजवीकडे बघा."

पुन्हा गोल झाला. "मस्तच. हीच क्लिप पोस्टरच्या दिवशी मोठ्या स्क्रीनवर लावू."

मी ईशानभोवती पिवळं वर्तुळ टाकून क्लिप तयार ठेवली होती. बाण होते. वेग कमी केला होता. तिसऱ्यांदा लावली. सावंत सरांची मान बॉलबरोबर डावीकडे गेली, गोलपाशी थांबली. वर्तुळ उजवीकडे एकटंच धावत राहिलं. मग त्यांचा फोन वाजला.

ते बोलत असताना मी स्क्रीनकडे बघत बसले. चूक त्यांचीही नव्हती. मैदानावर सगळे बॉलकडेच बघतात. बंटीदादा बॉल बघतो, गावाहून टेम्पोने आलेली पोरं बॉल बघतात, आणि इतके दिवस मीही बॉलच टॅग करत होते.

फोन संपला. "चला, फायनल करू," सावंत सर म्हणाले, आणि पेन काढलं.

मी उठले. का उठले, मला सांगता येणार नाही. घरून निघताना असं काही ठरवलं नव्हतं. स्क्रीनजवळ जाऊन क्लिप पुन्हा चालू केली आणि प्रथमेश आणि बॉल जिथे होते, त्या जागेसमोर उभी राहिले. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांत आला. अर्धं मैदान माझ्या कुर्त्यावर पडलं. आता सावंत सरांना दिसायला फक्त उजवी बाजू उरली होती.

"अगं, दिसत नाहीये काही. बाजूला हो."

मी हलले नाही.

उजव्या बाजूला ईशान सुटला. मोठा डिफेंडर एक क्षण थांबला, मग त्याच्या मागे गेला. दुसरा गेला. ईशान कोपऱ्यापर्यंत धावत गेला, बॉल आला नाही. तो वळला आणि गोलपोस्टकडे बघून त्याने दोन्ही हात वर केले. तिकडे गोल झाला होता.

"हे दोघं त्याच्या मागे का गेले?" सावंत सरांनी विचारलं.

पिंटो सर म्हणाले, "कारण तो गेला."

"दुसरी मॅच लाव."

मी लावली. पुन्हा बॉलसमोर उभी राहिले. मग तिसरी. एकदा चुकीच्या बाजूला उभी राहिले, तर सावंत सरच म्हणाले, "डावीकडे सरक."

शेवटी त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "बरं. हे झालं कोचिंगचं. लॉन्चला बंटी माइक घेऊन मला पहिला प्रश्न हाच विचारणार आहे. हा ईशान या सीझनला गोल किती करेल? काय सांगू त्याला?"

उत्तराआधी पुढचं सांगून टाकते, कारण माझ्या उत्तराने सगळं बदललं असं कोणाला वाटायला नको.

ईशान यादीत राहिला. बाहेरचा स्ट्रायकरही आला. जागा करण्यासाठी आमच्या तिसऱ्या गोलकीपरला दुसऱ्या क्लबकडे लोनवर, म्हणजे उसना, पाठवलं. त्याची क्लिप बघा म्हणून कोणी आलं नाही, मीही त्याची शोधली नाही. पोस्टरवर प्रथमेश एकटा छापला. पहिली मॅच आम्ही हरलो. बंटीदादा ईशानला उद्देशून स्टँडमधून जे ओरडला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे प्रथमेशने गोल केले, बंटीदादाने त्याला खांद्यावर घेतलं, आणि ईशान अजूनही कॉलनीवालाच आहे. तो सरावानंतर लॅपटॉपपाशी येतो, आता समोर बसतो. वडिलांनी वर्षाचं दीड केलंय.

माझ्या पॅनलवर आता ते बटण आहे. दर मॅचनंतर मी सगळं फुटेज दोनदा बघते, एकदा बॉलबरोबर आणि एकदा बॉलशिवाय. काम दुप्पट झालं, पगार तोच आहे. या धंद्यात नवीन येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते की क्लिप बोलत नाही. बोलायचं काम शेवटी आपल्यालाच करावं लागतं, आणि त्याचं बटण कुठल्याच पॅनलवर नसतं.

तर, सावंत सर वाट बघत होते. पिंटो सर छताकडे बघत होते. प्रोजेक्टरचा पंखा आवाज करत होता. मी सवयीने मनात इंग्रजी वाक्य जुळवायला घेतलं, आणि ते पूर्ण व्हायच्या आतच तोंडून मराठी निघून गेलं.

"एकही नाही सांगा, सर. आणि त्याला काढलंत, तर प्रथमेशचेही तेवढेच सांगा."