आत काय बनतंय?

भंडाऱ्याहून सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलो, तेव्हा आठवीत शाळा सोडलेल्या मला कंपनीत कुणी काहीच विचारलं नाही. विचारलं ते गेटबाहेरच्या चहावाल्या मावशींनी. नवा कामगार दिसला की त्या किटली हवेतच धरायच्या. "आत काय बनतंय?" उत्तर मिळेपर्यंत चहा नाही.

मी म्हणालो, "पावडर."

"कशाची? भांडी घासायची का तोंडाला लावायची?"

"मालूम नाही जी. बाहेर सांगू नका म्हणतात."

त्यांनी किटली आदळली. "आन् तुला काय वाटलं न्हाय? नशेचा माल बनवणाऱ्यांना आता लई कडक शिक्षा करणार म्हणत्यात. करू देत की. पर मालकाचं तोंड तरी बघितलंस का? पोलीस आले की घावणार कोण? पोती उचलणारा तू."

मालकाला मी खरंच पाहिलं नव्हतं. मावशींचा राग आला, कारण काम सोडलं तर राहायची खोलीही जाणार होती, ती कंपनीचीच होती. पण भीती रागापेक्षा मोठी होती. त्याच दिवशी पिशवी उचलली आणि चादरीच्या कारखान्यात लागलो.

पंधरा दिवसांनी कंपनीवर धाड पडली, पावडर नशेचीच निघाली. कंपनीच्या खोलीत माझ्यासोबत राहणारे दोघे कामगार तुरुंगात गेले, मालक अजून सापडलेला नाही.

पेढे घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी पुडा उघडलाही नाही. स्वच्छ असलेला गाडाच फडक्याने पुसत राहिल्या.

"त्या दोघांस्नीबी मी रोज विचारत हुते," त्या म्हणाल्या. "वैतागून ते पलीकडच्या गाड्यावर चहा प्यायला लागले."