बाबांच्या शर्टाने पुसलेलं मांजर

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा डोलवीला कंपनीत होते. सकाळची शिफ्ट सुटली की दुपारी कंपनीची बस त्यांना पेणला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोडायची. आमचा काळा कुत्रा त्याआधीच फाटकाशी जाऊन बसायचा. बाबा हार्टच्या दुखण्याने अचानक गेले, तरी तो रोज दुपारी तिथे बसतच राहिला. बस गेली की परत यायचा आणि अन्नाला तोंड लावायचा नाही. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. मी सासरहून, रोह्याजवळच्या अष्टमीहून, आईच्या सोबतीला आले होते. तिला सारखा कुत्र्याचाच घोर.

“हा पण जाणार गो,” ती म्हणायची. “मग या घरात कोण हाय माझं?”

मी समोर बसलेली असायचे! पण सासरी गेलेल्या मुलीला हिशेबात कोण धरतंय.

कुत्र्याला सोबत झाली तर तो खाईल, असं माझ्या डोक्यात आलं. हमरापूरला गणपती रंगवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडून मी मांजराचं करडं पिल्लू आणलं. पहिल्याच दिवशी कुत्र्याने त्याची मान धरली. मी किंचाळले म्हणून ते वाचलं. मग पिल्लू कोठीच्या खोलीत बंद. दाराच्या अलीकडे कुत्र्याची थाळी, पलीकडे पिल्लाची बशी. पिल्लू फिस्कारायचं, कुत्रा दार खरवडायचा आणि थाळीतला भात सुकून जायचा. त्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “घरातल्या माणसाच्या अंगच्या कापडानं पूस गो त्याला. कुत्रा जवळ करंल.”

माझी ओढणी झाली, आईचं लुगडं झालं, कुत्रा गुरगुरतच होता. शेवटी आई उठली आणि तिने खुंटीवरचा बाबांचा शर्ट काढला. तो तिने धुतला नव्हता, मलाही हात लावू देत नव्हती. पिल्लाला मांडीवर घेऊन तिने त्याला नाकापासून शेपटीपर्यंत पुसलं.

दार उघडताच कुत्रा झेपावला आणि मध्येच थबकला. मग कान पाडून, पोट जमिनीला घासत पिल्लाजवळ गेला आणि घशातून एक बारीक आवाज काढला. तसा आवाज तो फक्त बाबांना बघून काढायचा. पिल्लाने बशीत शिल्लक ठेवलेलं त्याने चाटूनपुसून खाल्लं. मी तर टाळ्या वाजवल्या. आईने शर्ट परत खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोघंही फाटकाशी. बस यायची, थांबायची, निघून जायची. त्यानंतर जरा वेळाने दोघांच्या माना एकदम वळायच्या. फाटकापासून अंगणात, तुळशीला वळसा घालून मोरीपर्यंत, अगदी सावकाश, दमून चालत जाणाऱ्या कुणा माणसावर नजर ठेवल्यासारख्या. अंगणात काही नसायचं. मी पाल शोधली, उंदीर शोधला, पाखराची सावली शोधली.

आई मात्र मोरीवर पाय धुवायला तांब्या भरून ठेवू लागली.

“आई, काय चाललंय तुझं?” मी चिडले.

“तुला दिसत नाय म्हणून ओरडतेस व्हय?” ती शांतपणे म्हणाली. “त्या दोघांना दिसतंय ना.”

पिल्लू परत द्यायचं मी मनात पक्कं केलं. मला भीती वाटत होती, आणि ती लपवायला मी सगळ्यांवर डाफरत होते. पण कुत्रा अंग धरत होता. आईसुद्धा दोन घास जास्त जेवत होती. मी पिल्लू राहू दिलं.

मग एका दुपारी बस आली आणि फाटकाशी कुणीच गेलं नाही. कुत्रा ओट्यावर पसरला होता आणि त्याच्या पोटाशी पिल्लू गाढ झोपलं होतं. मला हवं होतं ते हेच.

आई मोरीपाशी तांब्या घेऊन उभी होती.

“उठ रे,” ती कुत्र्याला म्हणाली. “बघ ना, आले का?”

कुत्र्याने एक डोळा उघडला, शेपूट जरा आपटली आणि डोळा मिटून घेतला. पिल्लू हललंसुद्धा नाही. आई फाटकाकडे बघत राहिली.

“आज नाय आले गो,” ती म्हणाली.

तिचा चेहरा मला बघवेना. मी ओट्यावर गेले आणि त्या दोघांना हलवून हलवून उठवू लागले.