डब्यातला साडू

नळ कुठे आहे, कसा चालतो, हे ठाऊक असूनही तहानलेल्या माणसाला न सांगणारा, आणि तरीही अंगात तीळभर दुष्टपणा नसणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच आहे. तो माझा साडू.

मूळचा धुळ्याचा; नोकरी पुण्यात करतो. कसली, हे आमच्या सासऱ्यांना लग्नाआधी समजलं नव्हतं आणि नंतरही समजलं नाही. "लोक वस्तू वापरताना कुठे अडतात, ते मी बघतो," असं तो सांगतो. "आणि अडले की?" सासऱ्यांनी विचारलं होतं. "अडू देतो." सासऱ्यांनी पानाचा डबा बंद केला आणि विषयही. एरंडोलच्या एका लग्नात पायानं दाबायचा नळ बसवला होता. हा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला. पाहुणे यायचे, नळ पिळायचे, चापटी मारायचे, आणि हा मागे हात बांधून आनंदानं न्याहाळत राहायचा. शेवटी एक आबा भडकले. "आरे भो, हाऊ नळ कसा चालू व्हस, सांग ना!" हा नम्रपणे म्हणाला, "आबा, मी सांगितलं तर मला कसं कळेल?" "काय कळाले पायजे तुले? बिगर पानीना म्हातारा कितला टिकस, ते?"

त्याचा दुसरा नियम म्हणजे 'बोलत बोलत करा'. हातानं काम चालू असताना मनात येईल ते सगळं मोठ्यानं बोलायचं, म्हणजे माणूस नेमका कुठे अडतो ते समजतं. जावयाचा शब्द कसा मोडायचा, म्हणून आमच्या मितभाषी सासूबाईंनी एकदा बट्ट्या करताना हा नियम पाळला. "आता पिठात मोहन घालते. आता मळते. जावई दारात उभे आहेत, वारा अडलाय. आणि ते बघा तिकडे, पेपरात तोंड खुपसून बसलेत. लग्नापासून एक ताट उचललं नाही त्यांनी." तो दिवस आणि आजचा दिवस, सासूबाई थांबलेल्या नाहीत. सासरे आताशा देवळात बराच वेळ असतात.

मग त्याच्या डोक्यात बोलक्या डब्यानं घर केलं. बसस्टँडवर उभं राहायचं, हिरवं बटण दाबायचं, गाडी विचारायची; डबा उत्तर देणार. हे जमलं तर नोकरी सोडून बायकोमुलांसह कायमचं धुळ्याला यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. खरं यंत्र बनवण्याआधी चाचणी हवी, म्हणून जळगावात आमच्याच हॉलमध्ये फ्रिजचा खोका उभा केला आणि यंत्र म्हणून हा स्वतः आत शिरला. पहिलं गिऱ्हाईक मी. मी एक स्क्रू दाबला, मग दुसरा, मग यंत्राच्या नावाची पट्टी. शेवटी बायकोनं माझं बोट धरून बटणावर ठेवलं. आतून त्याला यातलं काही दिसत नव्हतं. बाहेर येऊन तो म्हणाला, "भाऊ, खरं सांगा. तुम्ही कमी बोलता, म्हणजे खोटंही कमीच बोलत असाल."

"एकदम सोपं आहे," मी म्हणालो. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात भाजी खारट झाली तरी पाहुणा पुन्हा मागून घेतो. आम्ही त्यातलेच.

मग खोका धुळ्याच्या स्टँडवर गेला. भर उन्हात हा आत, मी शेजारी बाकावर. दुपारपर्यंत एकानंही बटण दाबलं नाही. मग एक अक्का आल्या आणि थेट खोक्याशीच बोलू लागल्या. "एरंडोलनी गाडी कव्हय शे रे भाऊ?" बटण दाबल्याशिवाय बोलायचं नाही हा नियम, म्हणून खोका गप्प. "काय रे, रुसना का?" खोका गप्पच. अक्का वाकल्या. "आरे मन्ही माय, चपला दिखी ऱ्हायन्यात! मानूस शे मझार!" त्यांनी फडकं सोडलं आणि आवाजासाठी ठेवलेल्या फटीतून कळण्याची भाकरी आत सरकवली. "एवढा ऊनमा! ले भाऊ, खाई ले." तेवढ्यात 'एरंडोल, एरंडोल' अशी कंडक्टरची हाक आली आणि गाडी हलली. आणि जन्मात कुणाला मदत न करणारा तो खोका भरल्या तोंडानं ओरडला, "अक्का, गाडी निघाली! पळा!"

अक्कांना गाडी मिळाली. तो घामानं निथळत बाहेर आला, बाकावर बसला. "इथे गोंगाट फार आहे," तो म्हणाला. "तुम्हाला तर सहज जमलं होतं. तुमच्या भरवशावर सोमवारी राजीनामा देतो."

'हो' म्हणालो असतो तर तो धुळ्याला आला असता. दर रविवारी आमच्याकडे जेवला असता. मला हे फार हवं होतं.

"मलाही बटण सापडलं नव्हतं," मी म्हणालो. "हिनं बोट धरलं होतं."

तो रागावला नाही. मागे हात बांधून म्हणाला, "मग तेव्हा मनात काय आलं होतं? बोलत बोलत सांगा."

तो पुण्यातच राहिला. खोका आमच्या पोर्चमध्ये परत आला आणि त्यात मांजरीनं पिल्लं घातली. तिला मात्र सगळं न विचारता जमलं. रविवारी त्याचा फोन येतो. "भाऊ, कसं चाललंय?" 'एकदम छान' ओठांपर्यंत येतं. मी अडतो. पलीकडे तो मदत करत नाही, शब्द सुचवत नाही, नुसता थांबतो.

मग मी बोलायला लागतो.