हातात नसलेल्या गोष्टी

मी पुण्याला निघालो त्या सकाळी अण्णा मला सोडायला आले नाहीत. चकलांब्याच्या स्टँडवर एसटी उभी होती, माय माझ्या पिशवीत दशम्या कोंबत होती, आणि पलीकडच्या गल्लीत माझे वडील सहकारी दूध संस्थेच्या सेंटरवर दुधाचा कस मोजायची काचेची नळी, लॅक्टोमीटर, घेऊन बसले होते. मी पाया पडायला गेलो तर म्हणाले, "तुझी गाडी तिच्या टायमाला निघंल. माझं माप बी टायमावर व्हाया पायजे." नगर येईपर्यंत मी तो राग उराशी धरून बसलो.

ते साल दुष्काळाचंच होतं. गावाला टँकर, निम्मी जनावरं छावणीत, संस्थेचं दूध दोन कॅनवर आलेलं. तरी अण्णा सहाच्या ठोक्याला कुलूप काढायचे. एवढ्याशा दुधासाठी कशाला, असं माय एकदा म्हणालीही. पाऊस पाडणं आपल्या हातात न्हाई, कुलूप काढणं हाय, एवढंच त्यांचं उत्तर.

पुढे कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये मला स्टोइक तत्त्वज्ञान भेटलं. जे आपल्या हातात आहे ते नीट करावं, जे नाही त्यासाठी जीव जाळू नये. मी भारावलो. पहाटे उठून वही लिहू लागलो, थंड पाण्याने अंघोळ करू लागलो, दर शनिवारी सहकाऱ्यांना व्याख्यानं देऊ लागलो. हेच मी घरी फुकट ऐकलं होतं, हे एकदाही डोक्यात आलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

मग पुन्हा दुष्काळ पडला आणि मायचा फोन आला. अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टर म्हणत होते, लवकर ऑपरेशन करा. पण सेंटर बंद ठेवायला अण्णा तयार नव्हते, कारण उन्हाळ्यात लोकांचं दूध नासलं असतं. तू पंधरा दिवस येऊन बस, असं तिनं विनवलं. मी शांतपणे, अगदी व्याख्यानातल्या आवाजात, तिला समजावलं की आजार आणि अण्णांचा हट्ट या माझ्या हातातल्या गोष्टी नाहीत.

ती म्हणाली, "बाबा, कुलूप काढणं तर तुझ्या हातात हाय ना?"

मी गेलो नाही. प्रोजेक्टचं कारण सांगितलं. ते खरं होतं, पण रजाही शिल्लक होती. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

चार महिन्यांनी गेलो तोवर अण्णांची नजर गेली होती. काचबिंदूनं नेलेलं परत मिळत नाही. तरी सहाला कुलूप निघालं. अण्णा हातानं चाचपून लॅक्टोमीटर दुधात सोडत, आणि ज्याचं दूध तोच काचेवरची डिग्री, म्हणजे कसाचा आकडा, वाचून सांगे. अण्णा ऐकत आणि मान्य करत. एवढ्या दिवसांत कुणी खोटं वाचलं नाही, असं माय सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसलो. दोन म्हशींचे मालक गफूरभाई दूध घेऊन आले. मी वाकून वाचलं, "अठ्ठावीस."

अण्णांनी गफूरभाईंच्या दिशेनं तोंड वळवलं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "नवा माणूस हाय, गफूरभाई. एकदा तुमी बी बघून घ्या."

गफूरभाईंनी माझ्याकडे न बघता काच पाहिली आणि बरोबर आहे म्हणाले.

शनिवारची व्याख्यानं मी बंद केली. आता सुट्टी जोडून महिन्याला चार दिवस गावी येतो आणि सकाळी सेंटरवर बसतो. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही मला काही बोलत नाही, याचीच जास्त लाज वाटते. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांनी घर कुठं म्हणून विचारलं तर मी आता फ्लॅटचा पत्ता सांगत नाही. मी वाचलेली डिग्री जिथं अजून दुसऱ्याला दाखवून घेतात, ते माझं घर.